हत्तीचे दात आणि दंतकथा

पॅरिसला ऑस्टरलिट्झ स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की जार्दां दे प्लांत ही जुनी वनस्पतीबाग. फाटकाशीच जीवशास्त्रज्ञ लामार्कचा पुतळा आहे. त्याला नमस्कार करून मी निघाले ते मात्र त्याच्या विरोधकाने, प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिएने, अभ्यासलेल्या हाडांकडे.

बागेतली पुराजीवशास्त्राची, म्हणजे जीवाश्मांच्या अभ्यासाची, गॅलरी १८९८ची. दार ढकललं आणि थबकलेच. शेकडो सांगाडे तोंडं माझ्याकडे करून उभे, जणू वारी निघाली आहे आणि वाटेत मीच आडवी आलेय!

मी आले होते हत्तींच्या दाढा बघायला. आपल्या आशियाई हत्तीच्या दाढेवर गोधडीच्या धाग्यांसारख्या आडव्या, समांतर रेघा असतात. आफ्रिकन हत्तीच्या दाढेवर चक्क शंकरपाळ्या. सायबेरियात सापडणाऱ्या मॅमथची दाढ आपल्या हत्तीच्या वळणावर गेलेली, पण रेघा जास्त आणि दाट. एप्रिल १७९६ मध्ये क्यूव्हिएने याच फरकावर बोट ठेवलं. वय वर्षं सव्वीस. सायबेरियातली हाडं हत्तींचीच, ती पुरात वाहून आली, असं तोवर अनेकजण म्हणत. देवाने घडवलेली जात कायमची नाहीशी होईल, हेच लोकांना पटत नव्हतं. अमेरिकेत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनला तर हे अवाढव्य प्राणी पश्चिमेकडच्या जंगलात अजून हिंडत असतील अशी आशा होती. क्यूव्हिएचं म्हणणं सरळ: हा वेगळाच प्राणी आहे, आणि एवढं धूड कुठे लपून राहणार? संपलाय तो.

गंमत म्हणजे, जाती बदलतात हे मात्र क्यूव्हिएने कधी मानलं नाही. लामार्क ते मानत होता, पण जाती नामशेष होतात याबद्दल तो साशंक. दोघं एकाच बागेत नोकरीला, आणि अर्धं अर्धं खरं दोघांकडे.

मला खटकली ती दुसरीच गोष्ट. क्यूव्हिएने ताडून पाहिलेल्या सिलोन आणि आफ्रिकेतल्या केपच्या हत्तींच्या कवट्या फ्रेंच फौजेने हॉलंडमधून उचलून आणल्या होत्या. म्हणजे लूटच.

वरच्या मजल्यावर त्याच लुटीतला आणखी एक जबडा आहे. हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टच्या चुनखडीच्या खाणीत सापडलेला, फ्रेंचांनी ते शहर १७९४ मध्ये जिंकल्यावर पॅरिसला आलेला. तो शोधून देणाऱ्या शिपायांना वाइनच्या सहाशे बाटल्या कबूल केल्या होत्या म्हणे. दातांच्या प्रकरणात दंतकथा असायचीच. कोणी त्याला मगर ठरवलं, कोणी देवमासा. कांपर नावाच्या डच अभ्यासकाने मात्र त्याचं नातं घोरपडीशी जोडलं आणि १८०८ मध्ये क्यूव्हिएनेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. समुद्रातली अजस्र घोरपड! मोसासॉरस हे नाव पुढे १८२२ मध्ये मिळालं. तानाजीच्या घोरपडीवर वाढलेली मी त्या काचेसमोर बराच वेळ रेंगाळले. दात अजून चकाकतात.

मास्ट्रिख्टच्या संग्रहालयात त्याची प्रतिकृती आहे. मूळ जबडा अजून पॅरिसलाच.