रेनेटचे दूध, प्रतिध्वनी आणि गुठळी धरण्याची वेळ: चौथी नोंद

घरच्या टेबलावर रक्त हाताळायचे नाही हे पहिल्याच दिवशी ठरले होते, म्हणून रक्ताची गुठळी धरताना अल्ट्रासाऊंडमध्ये काय दिसते हे मी रेनेट (चीज करताना दूध गोठवणारे विकर) घातलेल्या दुधावर पाहतो आहे. साम्य वरवरचे नाही: रक्तात थ्रॉम्बिन हे विकर फायब्रिनोजेन या प्रथिनाचे तुकडे छाटते आणि उरलेल्या रेणूंचे जाळे विणले जाते, दुधात रेनेट कॅपा-केसीन हे प्रथिन छाटते आणि केसीनचे कण एकमेकांना धरतात. कॅल्शियम दोन्हीकडे लागते. विरजणाच्या दह्यात हे काम आम्ल करते, त्यामुळे दही बाद.

वेल्डिंग तपासणीचा जुना ५ मेगाहर्ट्झचा प्रोब (अल्ट्रासाऊंड सोडणारा आणि त्याचा प्रतिध्वनी टिपणारा) अ‍ॅक्रिलिकच्या पेटीला बाहेरून जेल लावून टेकवला आहे. समोरची भिंत २५ मिलिमीटरवर असून दुधातून तिचा प्रतिध्वनी साधारण ३३ मायक्रोसेकंदांत परततो.

गेल्या नोंदीतील तो देखणा आलेख मागे घेतो. भिंतीचा प्रतिध्वनी हळूहळू उशिरा येत होता आणि मी त्यालाच गोठण समजलो. रेनेटशिवायच्या दुधानेही हुबेहूब तोच आलेख काढून दाखवला. दूध निवत होते, एवढेच. ३२ अंशांच्या आसपास तापमान एका अंशाने उतरले की पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे २ मीटरने घटतो, म्हणजे माझ्या मांडणीत जवळपास ४५ नॅनोसेकंदांचा उशीर होतो.

आता पेटी ३२ अंशांच्या पाण्यात ठेवतो आणि भिंतीऐवजी मधल्या दुधातून येणारा क्षीण प्रतिध्वनी पाहतो. त्यासाठी चिमूटभर कॉर्नफ्लोर घातले आहे. (रक्तात त्याची गरज नसते, तांबड्या पेशी स्वतःच ध्वनी विखुरतात आणि संथ रक्तात नाण्यांच्या चळतीसारख्या जुळल्या की अधिकच.) कण हलत असेपर्यंत आत्ताचा प्रतिध्वनी १० सेकंदांपूर्वीच्याशी जुळत नाही, जाळ्यात अडकले की जुळतो. पाचव्या प्रयत्नात हा सहसंबंध (पूर्ण जुळले तर १) १४ मिनिटे ०.३ ते ०.४ मध्ये रेंगाळला आणि पुढच्या तीन मिनिटांत ०.९७ वर गेला. सुरीने स्वच्छ काप मात्र बाविसाव्या मिनिटाला पडला.

पेटीच्या भिंतीत घुमणारा ध्वनी कधीच बदलत नाही आणि सहसंबंध फुकटचा वाढवतो, म्हणून सुरुवातीचे ८ मायक्रोसेकंद गाळावे लागले. दुसरी अडचण अजून सुटलेली नाही: रेनेटशिवायच्या दुधात आकडा खालीच राहिला खरा, पण वीस मिनिटांत बरेचसे कॉर्नफ्लोर तळाशी बसते आणि नुसत्या गोंगाटाचा सहसंबंधही कमीच येतो. पुढच्या खेपेला रेनेट निम्मे घालणार आहे. चढ जवळपास दुप्पट वेळाने आला तरच मी दूध मोजतो आहे, कॉर्नफ्लोर नव्हे, असे मानेन.