बग्गीच्या सीटखाली

गेल्या श्रावणात एका मंगळवारी आमच्या सोसायटीची बग्गी एच विंगच्या चढावर निम्म्यात थांबली. आत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन आज्या, त्यांच्या मांडीवर मंगळागौरीच्या पत्रीची पिशवी. चालवणाऱ्या पोराने पाय दाबला की खालून 'टक्' आवाज यायचा, गाडी वीतभर पुढे जायची आणि परत मरायची. शेवटी आज्या उतरल्या, पत्री माझ्या हातात दिली आणि कठड्याला धरून चढल्या. मी मागून ढकलायला गेले, तर पोरगा म्हणाला, "काकू, राहू द्या, दीडशे किलोच्या वर नुसत्या बॅटऱ्याच आहेत."

पुण्यातल्या बावधनच्या उतारावर सोसायटी बांधली की असं होतं. गेट खाली, शेवटची विंग वर. पायी जाणं तरुणांना ठीक, पण आमच्याकडे सत्तरी ओलांडलेले पन्नासेक जण आहेत. म्हणून चार वर्षांपूर्वी ही सहा सीटांची गोल्फ कार्ट घेतली. बग्गी म्हणायचं म्हणून म्हणतो, घोडा काही नाही.

विक्रेत्याकडून माणूस आला. त्याने सीट उचलली, खाली नजर टाकली, आणि मीटर खिशातून काढायच्या आधीच म्हणाला, "चार वर्षं झाली ना? सहाच्या सहा बदला." आकडा लाखाच्या घरात होता. मीटिंगमध्ये सगळे गप्प. मेंटेनन्स वाढवायचा विषय निघाला की आमच्याकडे लोक छताकडे बघतात. मी हात वर केला आणि म्हटलं, दोन रविवार द्या, मग बघू.

हे धाडस कुठून आलं, तर मी एकतीस वर्षं ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. लेड-ॲसिड बॅटरी दरवर्षी शिकवायची. प्लांतेने १८५९ मध्ये ती बनवली, वीज देताना आतल्या दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट बसतं, आम्ल खर्च होऊन पाणी तयार होतं, समीकरण संतुलित करा, तीन मार्क. पाना मात्र मी आयुष्यात फक्त गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरसाठी धरला होता, तोही चुकीचा.

पहिल्या रविवारी सीट उचलली. सहा बॅटऱ्या, प्रत्येकी ८ व्होल्ट, एकीचं धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडत ४८ व्होल्ट केलेले. प्रत्येक बॅटरीत चार कप्पे, म्हणजे एकूण चोवीस बुचं. टर्मिनलांवर निळसर-पांढरी बुरशी, मधे वाळलेली पानं, एक क्लचर आणि कुणाच्या तरी प्रसादाचे फुटाणे.

हात घालायच्या आधी सीटखालचा 'रन-टो'चा खटका 'टो'वर केला, म्हणजे गाडी चालू होत नाही, नुसती ओढता येते. सोन्याच्या पाटल्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवलं, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. पोरगा हसायला लागला. मी म्हटलं, "अरे, ४८ व्होल्टचा झटका बसेल न बसेल, पण पाटली दोन टोकांना एकदम टेकली तर ती हातातच लाल होईल." मग १२-१३च्या पान्याला मधोमध इन्सुलेशन टेप गुंडाळली, दोन टोकं एकदम जोडली जाऊ नयेत म्हणून. डोळ्यांवर कॉलेजातला जुना गॉगल. गॉगल लावल्यावर जरा बरं वाटलं, आपण आपल्याच घरी आल्यासारखं.

बुचं उघडली तर निम्म्या कप्प्यांत पट्ट्यांची टोकं उघडी. "पाणी कोण घालतं?" तर म्हणे कुणीही, नळीने. बोअरचं! आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरे थर चढतात, गिझरची कॉइल दोन वर्षांत जाते, आणि तेच कॅल्शियम, लोह, क्लोराइड या लोकांनी बॅटरीला पाजलं होतं. पोराला अर्धा तास झापलं. त्यात त्याची चूक काहीच नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. घरचं आरओचं चालेल का, असं त्याने विचारलं. तेही नाही. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, गेलेले नसतात. डिस्टिल्ड वॉटरचे पाच लिटरचे कॅन पेट्रोल पंपाशेजारी मिळतात, आणि त्यांची किंमत त्या लाखापुढे काहीच नाही.

आणि मग मी माती खाल्ली. पाणी आणलं, नरसाळ्याने चोवीस कप्पे गळ्यापर्यंत भरले, चार्जर लावला आणि समाधानाने झोपायला गेले.

सकाळी पोराचा फोन. बग्गीखाली पार्किंगच्या फरशीवर ओल आणि ओलीला बारीक फेस. चार्ज होताना द्राव फुगतो, वायूचे बुडबुडे येतात, पातळी वर चढते. गळ्यापर्यंत भरलेलं पाणी जाणार कुठे? आम्ल घेऊन बाहेर. एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईला हे सुचू नये! पट्ट्या उघड्या असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी आधी घालायचं, चार्जिंग पूर्ण करायचं, आणि मग बुचाच्या गळ्याच्या थोडं खाली येईपर्यंत भरायचं. हा क्रम मी आता झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलाय.

खायचा सोडा पाण्यात कालवून फरशीवर ओतला, फसफस थांबेपर्यंत ओतत राहिले. बुचं घट्ट लावून त्याच पाण्याने जुन्या टूथब्रशने टर्मिनलं घासली. बुचं आधी लावायची, कारण सोड्याचा थेंब कप्प्यात गेला तर आतलं आम्लही मारतो. कपड्यांना काही झालं नाही असं तेव्हा वाटलं. धुऊन वाळत घातल्यावर सुती कुडत्याच्या पोटावर चाळणी झालेली दिसली.

त्या आठवड्यात बग्गी चार्ज होत राहिली, चालवली नाही. पार्किंगच्या कोपऱ्यात चार्जिंग होतं तिथे वॉचमनकाका रात्री बिडी ओढायला बसायचे. त्यांना उठवून दुसरीकडे बसवलं. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो. परीक्षानळीत पेटती काडी नेली की 'पॉप' होतं, तोच. काका म्हणाले, "बाई, चार वर्षं बसतोय मी इथं." मी म्हटलं, "म्हणूनच आता उठा."

दुसऱ्या रविवारी सकाळी हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजायचं साधन. मोटारीच्या सामानाच्या दुकानात मिळतो, काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारा काटा. पूर्ण चार्ज झालेल्या कप्प्यात तो १.२६५ ते १.२८० च्या आसपास दिसायला हवा. फुगा दाबून द्राव ओढायचा, काटा मोकळा तरंगतोय ना बघायचं, डोळा पातळीवर आणायचा, वाचायचं, द्राव त्याच कप्प्यात परत सोडायचा. विद्यार्थ्यांनी असं नीट वाचन केलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते. वहीत चोवीस आकडे मांडले. बहुतेक १.२५० च्या आगेमागे. माझ्या हातून आम्ल सांडलं होतं, त्यामुळे जरा कमीच येणार होते. चौथ्या बॅटरीचा तिसरा कप्पा मात्र १.१४०. पुन्हा ओढून बघितलं. १.१४०.

शेजारच्या कप्प्यांपेक्षा ०.१ हून जास्त खाली, आठवडाभर चार्ज करूनही. तो कप्पा गेला होता.

पण मला वाटत होतं एवढ्यावर थांबू नये, कारण चढावर बग्गी मरते ती नुसत्या एका कप्प्यामुळे की आणखी कशामुळे, हे उभ्या बग्गीत कळत नाही. विश्रांतीत सहाही बॅटऱ्या शहाण्यासारख्या वागत होत्या. पाच ८.३-८.४ व्होल्ट, चौथी ८.१. आजारी माणूस डॉक्टरांसमोर टुणटुणीत दिसतो तसं. चढावर न्यायलाच हवं होतं. प्रश्न असा की बॅटऱ्या सीटखाली आणि चालवणारा सीटवर. मग कपाटातून प्रॅक्टिकलच्या लांब वायरी काढल्या, टोकांना क्रोकोडाइल पिना. एका बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांना पिना लावल्या, वायरी फटीतून बाहेर, सीट बंद, मल्टिमीटर माझ्या हातात. पोराने गेटपासून चढाला घातली की मी आकडा वाचायचा. सहा बॅटऱ्यांच्या सहा फेऱ्या. गॅलरीतून लोक बघत होते, कुणीतरी विचारलं, "काकू, हवा खायला निघालात का?"

पाच बॅटऱ्या चढावर ७.६ ते ७.८ ला उतरायच्या. चौथी ५.९.

मग जोडण्यांच्या फेऱ्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण ओहमचा नियम दुसरं काय सांगतो? प्रवाह तोच असेल तर जिथे अडथळा जास्त तिथे व्होल्टेजही जास्त. पिन दोन नंबरच्या खुंटीवर आणि दुसरी पिन तीन नंबरच्या खुंटीवर, मधे फक्त जोडकेबल. वीतभर जाड तांब्याची तार, तिथे व्होल्टेज जवळपास शून्य यायला हवं. पिन नटावर लावायची नाही, शिशावरच लावायची, नाहीतर थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, आणि खुंटी यांच्यामधला सैलपणा मोजलाच जात नाही. चार जोडण्यांवर ०.१ च्या खाली. दोन-तीनच्या मधल्या केबलवर १.६ व्होल्ट.

चढावर शे-दीडशे अँपिअर ओढले जातात असं धरलं, तर अंगठ्याएवढ्या सांध्यात दोनशे वॉटच्या आसपास उष्णता. सीट उघडून हात जवळ नेला तर दुरूनच झळ लागली. थिंबल फिरवून बघितलं. नट घट्ट दिसत होता, पण आतून शिसं वितळून एका बाजूला ओघळ आला होता आणि केबलचं रबर भाजलेल्या वांग्यासारखं सुरकुतलं होतं. सहा बॅटऱ्या बदलून ही केबल तशीच ठेवली असती, तर नवी खुंटीही वर्षभरात अशीच ओघळली असती.

खटका 'टो'वर, मग सगळ्यात आधी मुख्य ऋण केबल सोडली. सोडण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढले आणि प्रत्येक केबलला चिकटपट्टीवर नंबर दिला. हे आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांकडून शिकलेलं, ते काहीही उघडायच्या आधी खडूने खुणा करायचे. जळकी केबल पिशवीत घालून नाना पेठेत गेले. तिथल्या एका ऑटो इलेक्ट्रिकलवाल्याने तेवढ्याच लांबीची २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल कापली, दोन्ही टोकांना थिंबल दाबून बसवली. "पुढच्या वेळी पाचही करून घ्या मॅडम, एक गेली की बाकीच्या लायनीत असतात," म्हणाला. मी लगेच पाचही करून घेतल्या. सगळा खर्च हजाराच्या थोडा वर.

बॅटरीचा प्रश्न अवघड होता. पाच म्हाताऱ्यांत एक तरुण बसवली तर सगळ्यांचं मिळून जमत नाही. साखळीतून प्रवाह सगळ्यांतून सारखाच जातो, म्हाताऱ्या आधी रिकाम्या होतात, चार्जिंगही नीट जुळत नाही. म्हणून त्याच क्षमतेची, साधारण त्याच वयाची जुनी शोधली. मुळशीकडच्या एका रिसॉर्टमध्ये बग्ग्या मोडीत काढत होते. हायड्रोमीटर घेऊन गेले आणि तिथल्या ढिगातल्या अकरा बॅटऱ्या तपासल्या. विकणारा आधी वैतागला, मग मीटर वाचायला स्वतःच शिकला. चारही कप्पे सारखे असलेली एक सापडली, साडेतीन हजारांना. आमची चौथी भंगारात जमा.

जवळपास तीस किलोची बॅटरी एकट्याने उचलायची नाही, पोराने आणि वॉचमनकाकांनी पट्ट्याने धरून ती बसवली. त्याआधी खुंट्या पॉलिश पेपरने चकचकीत केल्या, तीन नंबरची ओघळलेली खुंटी कानसने सपाट केली. थिंबल बसवून नट आवळले, वरून पेट्रोलियम जेलीचा हात. आवळताना मी जोर काढला तर पोरगा ओरडला, "काकू, शिसं आहे, आटे जातील!" बरोबर बोलला. मुख्य ऋण केबल शेवटी. फोटोशी दोनदा ताडून मगच खटका 'रन'वर.

पहिली चाचणी रिकामी, दुसरी आम्ही चौघं बसून. एच विंगच्या चढावर चौथी ७.७ ला थांबली. मी मीटर बंद केला, पण पोरगा वळून म्हणाला, जोडण्या पण बघा ना. मग पाच फेऱ्या आणखी. सगळ्या ०.१ च्या खाली.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चोवीस वाचनं तोच घेतो आणि वही वर आणून दाखवतो. मागच्या महिन्यात पाच नंबरच्या एका कप्प्यात १.२३० लिहिलं होतं. "दोनदा बघितलंस?" "तीनदा." मग त्या रात्री जास्त वेळ चार्जिंगला लावली, सकाळी १.२४५.

कुडत्याच्या चिंध्या केल्या आहेत. टर्मिनलं पुसायला सुती कापड चांगलं.