मित्राच्या टाकीतले दगड

आज खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवे पाहुणे आले, तेही खिशाला फारशी चाट न बसता. मित्राने त्याच्या जुन्या टाकीतल्या जिवंत दगडाचे (म्हणजे बारीक समुद्री जीव वस्तीला असलेल्या दगडाचे) चार तुकडे आणि मूठभर वाळू दिली. मला तर हा विकतच्या कुठल्याही प्राण्यापेक्षा मोठा खजिना वाटतो.

पाणी अगदी थेंबाथेंबाने मिसळलं. माशांपेक्षा या बिनकण्याच्या जिवांना क्षारतेतला बदल फार लवकर बाधतो. आपल्या पाण्याची सापेक्ष घनता (त्यावरून क्षारता कळते) १.०२५ आणि येणाऱ्यांची कमी असेल, तर घाई नकोच. आणि तांबं असलेलं माशांचं औषध टाकीत कधीच नको, या जिवांसाठी ते विषच.

रात्री दिवे मालवून लाल उजेडात बघत बसलो. एका फटीतून केसासारखे बारीक हात बाहेर आले, पाण्यात हळूहळू फिरू लागले. ब्रिटल स्टार, तारामाशाचा बारीक हातांचा नातलग! अंगाची चकती जेमतेम काही मिलिमीटरची. उरलंसुरलं खाऊन टाकी साफ ठेवतो आणि स्वतःचे दोन भाग करून वाढतोही. शेजारी नळीतल्या किड्याने पिसारा उघडला होता, माझी सावली पडताच गप्पकन आत!

निळा लिंकिया तारामासा दिसायला देखणा, पण लहान टाकीत बहुधा उपाशीच मरतो. स्वस्तात मिळाला तरी मी आणणार नाही.

कुणाच्या टाकीत स्टोमाटेला गोगलगायी जास्त झाल्या असतील तर कळवा, काचेवरचं शेवाळ त्यांची वाट बघतंय.