साडेसोळा हजारांचा फोन आणि सोयाबीनचा गट

रविवार, 7 सप्टेंबर 2025, रात्र

ग्रहणाचं सूतक दुपारी एकच्या सुमारास लागणार, जेवणं त्याच्या आत उरकायची, म्हणून सकाळी सातलाच लातूरहून गावाकडे निघालो. काम एकच, ई-पीक पाहणी. शेत आईंच्या आणि यांच्या नावावर, पण अ‍ॅप माझ्या फोनमध्ये. यांच्या जुन्या फोनवर ते उघडेपर्यंत तूर फुलावर येईल.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी सातबाऱ्यावर पिकाची नोंद तलाठी करायचे. 2021 पासून ती शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची. आपल्या गटात, म्हणजे आपल्या नंबरच्या जमिनीत जायचं, लोकेशन चालू ठेवायचं, पिकाचा फोटो काढायचा, माहिती भरायची. नोंद नसली की विम्याला अडचण, हमीभावाने माल घालायला अडचण. यंदा सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. बाजारात तेवढा कोण देतोय? म्हणजे नोंद हवीच.

फोन दुकानात दाखवतात तो ट्यूबलाइटखाली. तिथे सगळ्यांचेच स्क्रीन झळकतात. बांधावर साडेदहाचं ऊन होतं, पावसाने उघडीप दिलेली. ब्राइटनेस शेवटापर्यंत ओढला तरी स्क्रीनवर अक्षरांआधी माझंच तोंड दिसत होतं. पदराची सावली करून गट नंबर निवडला. पाचेक मिनिटांत फोन तापला आणि तापल्यावर त्याने स्वतःहूनच उजेड कमी केला. हे असं होतं हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. त्यात कपाळावरचा घाम टपकला नेमका पिकांच्या यादीवर, आणि सोयाबीनऐवजी भलतंच पीक निवडलं गेलं. ओल्या थेंबाला तो बोट समजतो. कडेच्या बटणावरचं बोटाचं कुलूप तर मी कधीच सोडून दिलंय. भांडी घासून घासून अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्यात, चार आकडे टाकलेले बरे.

लोकेशनचं मात्र कौतुक करायला हवं. लिंबाच्या सावलीत उभी होते तेव्हा निळा ठिपका शेजारच्या गटात भटकत होता. उघड्यावर आले, थोडं थांबले, आणि तो आपल्या वावरात येऊन बसला. फोटो निघाले. गावात रेंज नव्हती, पण माहिती फोनमध्ये साठून राहिली आणि पुलावर आल्यावर अपलोड झाली.

तेवढ्यात शेजारचे आबा आले. त्यांच्याकडे बटणांचा फोन. ‘आमचं बी बघ की माय, तुझ्या त्या डबीत.’ एका मोबाईलवरून दुसऱ्या खातेदाराची नोंद करता येते, म्हणून त्यांच्याही वावरात शिरले. फोटो कसा येतो ते त्यांना स्वतः बघायचं होतं, तर फोन सरळ त्यांच्या चिखलाच्या हातात दिला. त्यांनी तो धोतराला पुसला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि म्हणाले, ‘शेंगा मोजता येत्यात की.’

हेच मला या फोनचं सगळ्यात आवडतं. तो कुणाच्याही हातात देता येतो. पुण्याचा पुतण्या गणपतीला आला होता, त्याच्याकडे याच्या पाचपट किमतीचा फोन. फोटो सुरेख येतात यात वाद नाही. पण तो पोरांच्या हातात द्यायचा नाही, ओट्याजवळ आणायचा नाही, विसर्जनाला तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात. मिरवणुकीचे सगळे व्हिडिओ शेवटी माझ्याच फोनवर निघाले, गुलालाच्या बोटांनी. चार्जिंगच्या भोकातला गुलाल मी आज टूथपिकने हलकेच काढला.

माझा साडेसोळा हजारांचा. मोबाईलवर 2020 पासून 18 टक्के जीएसटी आहे, म्हणजे त्यातले अडीच हजार सरकारचे. उरलेल्या चौदा हजारांत काय काय असतं, आणि काय काय असल्याचं नुसतं सांगतात! खोक्यावर ‘16 जीबी रॅम’ लिहिलं होतं. त्यातली आठ खरी, आठ स्टोरेजमधून उसनी घेतलेली, आणि उसनी रॅम खऱ्या रॅमच्या वेगाने पळत नाही. कॅमेरा 50 मेगापिक्सेलचा, पण एरवी तो चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. त्यात गैर काही नाही, कमी उजेडात फोटो बरा येतो, फक्त खोक्यावर एवढं मोठं कशाला छापायचं? शेजारी दोन मेगापिक्सेलचं आणखी एक भिंग आहे. ते शोभेचं. नवा घेतला तेव्हा आत नको ते गेम आणि खरेदीची अ‍ॅप्स आधीच ठाण मांडून होती, ती हुसकावण्यात एक संध्याकाळ गेली.

बॅटरी 5000 एमएएचची आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जागेबद्दल आहे, पण ती फोनशी नाही. 128 जीबी भरते कशाने, तर लोकांच्या ‘शुभ सकाळ’ने. काल अनंत चतुर्दशी झाली. एकच निरोपाचा व्हिडिओ सात ग्रुपवरून आला आणि सातही वेळा आपोआप उतरला. आता ऑटो डाउनलोड बंद केलंय. उद्यापासून पितृपक्ष, जरा शांतता मिळेल.

जाऊबाईंना नवा घ्यायचाय, ‘कोणता घेऊ’ म्हणून दोनदा विचारून झालं. त्यांना लिहिलं, नाव नका विचारू. दुकानाबाहेर उन्हात घेऊन या आणि आपला एखादा मेसेज वाचता येतो का बघा. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. रॅमची बेरीज दुकानदाराला करू देऊ नका.

आत्ता गच्चीवर बसून लिहितेय. खग्रास ग्रहण अकराला सुरू झालं, 12.22 पर्यंत आहे. आई खाली जप करत बसल्यात, पिण्याच्या पाण्यात तुळशीची पानं टाकलीत. मघाशी पूर्ण चंद्र होता तेव्हा फोटोत नुसता पांढरा गोळा यायचा. चंद्रावर बोट ठेवून शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढलं, तेव्हा कुठे त्यावरचे डाग दिसले. आता चंद्र विटकरी झालाय, उजेड कमी, ढगही मध्ये मध्ये येतायत. नाइट मोडला काही सेकंद फोन अजिबात हलता कामा नये. कठड्यावर तांब्याला टेकवून ठेवला आणि तीन सेकंदांचा टायमर लावला, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्काही नाही. जे आलं ते ओल्या विटेच्या तुकड्यासारखं आहे. पुतण्याने त्याचा पाठवलाय, कडा कशी रेखीव! त्याला अंगठा दाखवला, माझा काही पाठवला नाही.

आबांचे दोन गट राहिलेत, सूतक लागायच्या आत घरी यायचं म्हणून अर्ध्यात निघावं लागलं. मुदत 14 तारखेपर्यंत, आणि 14 ला नेमका रविवार. शेवटच्या दिवसावर ठेवायला नको. बुधवारी अर्धी रजा टाकते, आणि या वेळी छत्री घेऊन जाते, उन्हासाठी.