पाचनय: सिंहली घरांतला अतिसार

सिंहली भाषेत जुलाबाला ‘पाचनय’ म्हणतात. हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मी थबकलो, कारण मराठीत ‘पाचन’ म्हणजे अन्न पचणे, आणि श्रीलंकेत मात्र त्याच संस्कृत शब्दाला पोट वाहण्याचा अर्थ आला आहे.

तिथल्या देशी वैद्यकात शरीराचा तोल वा, पित् आणि सेम् यांवर, म्हणजे आपल्या वात, पित्त, कफांवर अवलंबून असतो आणि खाण्याचे पदार्थ उष्ण किंवा शीत मानले जातात. त्यामुळे पोट बिघडले की काय खाल्ले, हा प्रश्न आधी येतो. अन्न न पचल्याने जुलाब लागले असे ठरले, तर जे आत कुजते आहे ते निघून गेलेलेच बरे, असे मानले जाते. पोट साफ व्हावे म्हणून ‘अरळु’, म्हणजे आपला हिरडा, देण्याची जुनी रीत याच समजुतीतली आहे. जुलाब लांबले की बेलफळाच्या वाळक्या चकत्या किंवा डाळिंबाची साल उकळून तो तुरट काढा पाजतात. लहान मुलाने एकाएकी अन्न टाकले, तर ‘ॲस्वह’, म्हणजे दृष्ट लागल्याची शंकाही येते.

मला यातली कोणतीही गोष्ट हसण्यासारखी वाटत नाही. पोट साफ होण्याचा विचार सुसंगत आहे. त्यात उणीव आहे ती पाण्याच्या हिशेबाची. मळासोबत पाणी आणि क्षार निघून जातात, आणि लहान मूल बहुधा त्यानेच दगावते.

श्रीलंकेत जलसंजीवनीची पुडी ‘जीवनी’ या नावाने मिळते. ती एक लिटर पाण्यात विरघळवतात आणि ते पाणी 24 तासांत संपवायचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्रात लिटरमागे 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते. हे ग्लुकोज लहान आतड्यात सोडियमला सोबत घेऊन आत शिरते आणि त्यांच्यामागे पाणी जाते, अगदी जुलाब चालू असतानाही. मात्र त्याने जुलाब थांबत नाहीत. म्हणून जुलाबावरचे औषध म्हणून ती हाती दिली, तर दोन-तीन पेल्यांनंतरही पोट वाहतेच आहे असे पाहून आई भांडे बाजूला सारते. गेलेले पाणी भरून काढायला म्हणून दिली, तर ती प्रत्येक जुलाबानंतर चमच्या-चमच्याने पाजत राहते.