आमची वाटचाल : बेळगावात ड्रूपलची माणसं तयार करताना

२००९ साली टिळकवाडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही वेबसाइटची कामं सुरू केली. गिऱ्हाईक म्हणजे उद्यमबागेतले फौंड्रीवाले आणि शहापूर-वडगावकडच्या पतसंस्था. फौंड्रीवाल्यांचं इंग्रजीत भागायचं. पतसंस्थांचं गणित निराळं. सभासद मराठी, सरकारी पत्रव्यवहार कन्नडमध्ये, आणि इंग्रजी तर लागतंच. ठेवीचा व्याजदर बदलला की तिन्ही भाषांत बदलायला हवा. त्यात निपाणी शाखेच्या कारकुनाला आपल्या शाखेपुरतंच पान बदलता यावं आणि मुख्य कचेरीने होकार दिल्याशिवाय ते लोकांना दिसू नये, ही अट. या दोन गोष्टींसाठी आम्ही ड्रूपल निवडलं, म्हणजे वेबसाइट उभी करून तिच्यावरचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर. परवान्याची फी नाही, कोड सगळ्यांसाठी खुला. बेल्जियमच्या ड्रीस बॉयटार्ट यांनी १५ जानेवारी २००१ रोजी त्याची पहिली आवृत्ती बाहेर काढली, आणि तेव्हापासून जगभरचे लोक त्यात भर घालत आले आहेत.

२०११च्या जानेवारीत ड्रूपल ७ आलं आणि आमची घडी बसली. त्या काळात बीसीए झालेला, पीएचपी (ड्रूपल ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय ती) जेमतेम येणारा मुलगा आमच्याकडे यायचा, दुसऱ्याचं मॉड्यूल, म्हणजे ड्रूपलला जोडायचा जास्तीचा भाग, उघडून बघायचा, एक हुक, म्हणजे ठरलेल्या वेळी ड्रूपल आपणहून चालवतं असा छोटा तुकडा, लिहायचा आणि पान बदललेलं त्याला लगेच दिसायचं. त्या आनंदावर पोरं शिकली.

माणसांची टंचाई म्हणजे काय, हे मला १५ ऑक्टोबर २०१४च्या रात्री नीट समजलं. आपल्याकडे साडेनऊ वाजले असताना ड्रूपलच्या सुरक्षा पथकाने सूचना काढली : डेटाबेसशी बोलणाऱ्या भागात भोक आहे, लॉगिन न करताही कुणीही आत घुसू शकतो. दुरुस्ती एका ओळीची होती. यादीतल्या नोंदी एकेक करून घेणाऱ्या 'फॉरईच' या आज्ञेत बाहेरून आलेली यादी जशीच्या तशी फिरवली जात होती, तिच्याभोवती 'अ‍ॅरे व्हॅल्यूज' ही आज्ञा घालायची. त्यामुळे यादीच्या किल्ल्या (प्रत्येक नोंदीला दिलेली खूण) नव्याने शून्यापासून मोजल्या जातात आणि किल्लीतून घुसवलेला मजकूर डेटाबेसपर्यंत पोचत नाही. दोन आठवड्यांनी त्याच पथकाने स्पष्ट सांगितलं की सूचनेनंतर सात तासांत दुरुस्त न झालेली प्रत्येक साइट फोडली गेली असंच धरून चाला. सात तास म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. आमच्या साइट त्याआधी झाल्या, कारण ती ओळ वाचून समजणारी पोरं त्या रात्री फोनवर मिळाली. साइट उभी करायला माणूस नंतरही शोधता येतो. अशा रात्री तो आधीपासून आपल्याकडेच असावा लागतो.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१५मध्ये, ड्रूपल ८ आलं आणि आतली बांधणी पार बदलली. सिम्फनी या पीएचपीच्या तयार चौकटीचे भाग आले, पानांचे साचे लिहायला ट्विग आलं, पाठोपाठ लागणारे कोडचे संच आणून बसवणारा कंपोझर आला, ऑब्जेक्ट पद्धतीने लिहिणं भाग पडलं. हा निर्णय योग्यच होता असं मी आजही म्हणतो. भाषांची सोय मूळ गाभ्यात आली, तीन भाषांची साइट करताना पूर्वी जे तुकडे जोडावे लागत ते संपलं. आमच्यासारख्या सीमाभागातल्या फर्मला याहून मोठी देणगी कुठली? पण शिकणाऱ्याची पहिली पायरी उंच झाली. अर्धवट पीएचपीवर हात बसवण्याचे दिवस गेले. आणि ज्याला सिम्फनी, कंपोझर सगळं येतं, त्याला पुण्या-बेंगळुरूत जो पगार मिळतो तो आम्ही देऊ शकत नाही. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आमच्याच गावात आहे, पण पदवी घेतलेली मुलं गाडी पकडतात ती सरळ बेंगळुरूची. एका मोठ्या कंपनीने आमची दोन हातची माणसं साइट नव्या आवृत्तीवर हलवण्याच्या ऐन कामात नेली. मुलांना मी दोष देत नाही. घरी हप्ते असतात.

तयार माणूस मिळणार नाही, हे पक्कं धरून आम्ही शिकवायला घेतलं. खानापूर, चिकोडी, चंदगड भागातली बीसीए, बीएस्सीची मुलं घेतो, पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन देतो. सुरुवातीला फक्त पीएचपी आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट. नंतर ड्रूपलच्या सार्वजनिक त्रुटी-यादीतलं एखादं लहान काम. उद्यमबागेत नवा पोरगा जुन्या मोल्डरशेजारी उभा राहून शिकतो, तसं इथे जुन्याजाणत्यांच्या नजरेखाली शिकता येतं. खानापूरच्या एका मुलीने मराठी भाषांतरातले अनेकवचनाचे घोळ शोधले, दुरुस्ती पाठवली. परदेशातल्या कुणी अनोळखी माणसाने ती तपासून दोन शंका विचारल्या. तिने इंग्रजी जुळवत उत्तर लिहिलं, दुरुस्ती मान्य झाली आणि श्रेय तिच्या नावावर नोंदलं गेलं. त्या दिवसानंतर तिला कुठली फाइल उघडायची हे सांगावं लागलं नाही.

व्यवसायातले मित्र विचारतात, शिकवून पोरं निघून जाणार, मग उपयोग काय? पोरगं गेलं तरी त्याने सुधारलेलं मॉड्यूल आमच्या गिऱ्हाइकाच्या साइटवर चालूच राहतं. कंपनीच्या बंद कोडबद्दल असं म्हणता आलं नसतं. आणि पुण्याला गेलेल्यांपैकी काही जण अजूनही अडल्या वेळी आमचं काम तपासून देतात.

ड्रूपल ७ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची मुदत आधी नोव्हेंबर २०२१ची होती. ती वाढत वाढत ५ जानेवारी २०२५ला संपली. वरवर दिलासा, पण त्यामुळे गिऱ्हाइकांनी काम पुढे ढकललं आणि शेवटी सगळी एकदम दारात आली. सात वरून थेट पुढे चढवता येत नाही, नवी साइट उभी करून मजकूर हलवावा लागतो, स्वतः लिहिलेली मॉड्यूल्स पुन्हा लिहावी लागतात. काही लहान शाळांना आम्ही बॅकड्रॉपवर नेलं, ते ड्रूपल ७च्याच कोडमधून फुटून निघालेलं वेगळं सॉफ्टवेअर. त्यांच्या खिशाला तेच झेपणारं होतं.

त्याच जानेवारीच्या १५ तारखेला ड्रूपल सीएमएस, म्हणजे ड्रूपलचंच वापरायला सोपं रूप, आलं : तयार रेसिपी (एखाद्या सोयीसाठी लागणाऱ्या मॉड्यूल्सची आणि मांडणीची तयार जुळणी) आणि ब्राउझरमधूनच मॉड्यूल बसवण्याची सोय. कोड न लिहिणाऱ्यांसाठी दार उघडलं, हे चांगलंच झालं. मला काळजी आहे ती त्या दारातून आत आलेल्यांपैकी किती जण पुढे कोडपर्यंत पोचतील याची. ती जबाबदारी ड्रूपल वापरून पोट भरणाऱ्या आमच्यासारख्या फर्मची आहे. आमच्या प्रत्येक वार्षिक करारात आता देखभालीची वेगळी रक्कम असते आणि तिचा ठरावीक भाग शिकाऊंच्या विद्यावेतनाला जातो. पतसंस्थांच्या संचालकांना हे समजावताना मी २०१४ची ती ओळ कागदावर लिहून दाखवतो. बहुतेकांनी मान्य केलं.

ड्रूपल १०चा आधारही २०२६अखेर संपतो आहे, त्यामुळे शिकाऊंची पुढची तुकडी आम्ही आधीच घेत आहोत. गुणपत्रिका आणू नका. स्वतः लिहिलेला, चुकलेला असला तरी चालेल, असा थोडा कोड घेऊन या.