टीपॉयवरचे पाच रिमोट एकावर आणताना

टीव्ही, एव्ही रिसीव्हर (बाकीची उपकरणं ज्याला जोडतात आणि जो स्पीकर चालवतो तो डबा), डीटीएचचा एचडी बॉक्स, ब्लू-रे प्लेअर आणि स्ट्रीमिंग स्टिक. पाच उपकरणं, पाच रिमोट आणि सगळी मिळून दोनशेच्या आसपास बटणं. त्यातली खरोखर लागणारी कागदावर लिहून काढली तर चौतीस भरली. हा कागद आधी करावा आणि रिमोट नंतर घ्यावा. दुकानात भरपूर बटणांचा रिमोट बरा वाटतो, पण घरी अंधारात त्यावरचं म्यूट सापडत नाही.

पूर्वी या कामाला लॉजिटेकचा हार्मनी हे ठरलेलं उत्तर असे. २०२१ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. आता स्वस्तात तीन वाटा उरतात. पहिली म्हणजे कोड टाकायचा रिमोट: पुस्तिकेत ब्रँड शोधायचा, चार आकडे टाकायचे. टीव्हीसाठी हे चालतं, पण माझ्या डीटीएच बॉक्सचा कोड पुस्तिकेत नव्हता. दुसरी वाट फोनवरून चालणाऱ्या वाय-फाय ब्लास्टरची, म्हणजे फोनचा आदेश घेऊन रिमोटसारखा सिग्नल सोडणाऱ्या छोट्या डब्याची. तो उत्तम चालतो, पण नुसता आवाज कमी करायला फोन उघडावा लागतो आणि घरातल्या ज्येष्ठांना ते मान्य होत नाही. तिसरी वाट लर्निंग रिमोटची. मूळ रिमोट समोर धरून एकेक बटण शिकवायचं. त्याला ब्रँडशी घेणं-देणं नाही, दिसेल तो सिग्नल तो लक्षात ठेवतो. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सहा उपकरणांचा असा रिमोट मला साडेसातशे रुपयांना मिळाला.

फक्त टीव्ही आणि डीटीएच असेल तर मात्र काहीच विकत घेऊ नका. बऱ्याच डीटीएच रिमोटांवर टीव्हीची चार-पाच बटणं शिकवण्याची सोय आधीच असते. बॉक्सबरोबर आलेल्या कागदावर कृती असते आणि तो कागद कोणी वाचत नाही.

आधी कॅमेरा

लर्निंग रिमोट फक्त इन्फ्रारेड शिकतो, त्यामुळे आपल्या रिमोटांपैकी इन्फ्रारेड कोणते हे पाहावं लागतं. फोनचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं तोंड त्याकडे धरायचं आणि बटण दाबायचं. साधारण ९४० नॅनोमीटरचा हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला जांभळट ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा तो अडवणारा फिल्टर असतो, म्हणून पुढचा कॅमेराही वापरून पाहावा.

इथे एक फसवणूक होते. स्टिकच्या रिमोटवर पॉवर आणि आवाजाची बटणं दाबली की ठिपका दिसतो, म्हणून अख्खा रिमोट इन्फ्रारेड आहे असं वाटतं. ती बटणं टीव्हीसाठी असतात. बाण, ओके, होम दाबलं तर अंधार, कारण ती ब्लूटूथवर जातात आणि लर्निंग रिमोटला ती कधीच ऐकू येणार नाहीत. स्मार्ट टीव्हीच्या व्हॉइस रिमोटचंही अनेकदा असंच असतं: पॉवर इन्फ्रारेडवर, बाकी ब्लूटूथवर. अशा टीव्हीला त्याच ब्रँडचा साधा इन्फ्रारेड रिमोट बहुतेक वेळा चालतो. तो दीड-दोनशे रुपयांत मिळतो, त्यावरून शिकवून घ्यायचं.

स्टिकसाठी उपाय एचडीएमआयच्या तारेतच असतो. सीईसी नावाच्या सोयीमुळे टीव्हीला आलेला बाणाचा किंवा ओकेचा आदेश टीव्ही त्या तारेतून स्टिककडे पोचवतो. सेटिंगमध्ये हे नाव सहसा सापडत नाही, कारण प्रत्येक कंपनीने त्याचं बारसं वेगळं केलं आहे: सोनीकडे ब्राव्हिया सिंक, सॅमसंगकडे एनीनेट प्लस, एलजीकडे सिम्पलिंक. टीव्ही, रिसीव्हर आणि स्टिक, तिन्हीकडे ते चालू करावं लागतं. मधल्या रिसीव्हरमध्ये एचडीएमआय कंट्रोल बंद राहिलं तर साखळी तिथेच तुटते आणि दोष नव्या रिमोटला दिला जातो.

मग वायरिंग

माझ्या मते निम्मं काम रिमोटचं नाही, वायरिंगचं आहे. बॉक्स टीव्हीला, प्लेअर रिसीव्हरला आणि स्टिक टीव्हीला अशी जोडणी असेल तर प्रत्येक वेळी दोन ठिकाणी इनपुट बदलावं लागतं. त्यात टीव्हीचं इनपुट बटण यादी उघडतं आणि ती प्रत्येक वेळी वेगळ्या जागेवरून सुरू होते. कितीही महागडा रिमोट घेतला तरी ही गाठ सुटत नाही.

म्हणून तिन्ही स्रोत रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला जोडले आणि रिसीव्हरच्या आउटपासून एकच तार टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या जॅकला नेली (या जॅकमधून टीव्हीचा आवाज त्याच तारेने उलट रिसीव्हरकडे येतो). टीव्ही कायम त्या एकाच इनपुटवर. स्रोत बदलायचा तो रिसीव्हरवर, आणि रिसीव्हरच्या रिमोटवर प्रत्येक इनपुटला स्वतंत्र बटण असतं. एकदा दाबलं की थेट तिथेच, यादीतून चालत जायला नको. सकाळच्या बातम्यांना रिसीव्हर लावायचा नसेल तर त्याच्या मेनूत स्टँडबाय पास-थ्रू चालू करा. रिसीव्हर बंद असतानाही चित्र आणि आवाज टीव्हीपर्यंत जातो, फक्त स्टँडबायमध्ये थोडी वीज खर्च होते.

एक अडचण जुन्या रिसीव्हरची. त्याला एचडीसीपी २.२ (चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) येत नसेल तर स्टिकचं फोर-के चित्र त्यातून जाणार नाही. मग स्टिक टीव्हीलाच ठेवून आवाज एआरसीने रिसीव्हरकडे आणायचा. इनपुट बदलण्याचं एक दाबणं वाढतं.

शिकवणं

चौतीस बटणं शिकवायच्या आधी दोनच शिकवा. मग सेल काढा, रिमोटची दोन-तीन बटणं दाबून आत उरलेला चार्ज संपवा, दहा मिनिटं थांबा आणि सेल परत घाला. शिकवलेलं टिकलं तर पुढे जा. काही स्वस्त रिमोट सेल बदलले की सगळं विसरतात, आणि हे सहा महिन्यांनी कळलं तर रविवार वाया जातो. शक्य असेल तर ही परीक्षा दुकानातच घ्यावी.

दोन्ही रिमोटमध्ये नवे अल्कलाइन सेल हवेत. मूळ रिमोटचे सेल उतरलेले असतील तर सिग्नल कमजोर येतो आणि अर्धवट शिकला जातो. दोन्ही टेबलावर सपाट, तोंडाला तोंड, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर अंतर. पातळ रिमोटखाली वही सरकवून एलईडी एका उंचीवर आणा. खिडकीतलं ऊन, जुना पिवळा बल्ब आणि सीएफएल यांच्यापासून दूर बसा, कारण तिन्ही रिमोटच्या सेन्सरला त्रास देतात.

माझ्या रिमोटवर लर्न तीन सेकंद दाबलं की दिवा स्थिर लागतो. मग नव्या रिमोटवरचं बटण आणि त्यानंतर मूळ रिमोटवरचं. दिवा दोनदा लुकलुकला की शिकलं. प्रत्येक पाच बटणांनंतर उपकरणावर करून पाहा, सगळं शिकवून झाल्यावर नव्हे.

मूळ बटण किती वेळ दाबायचं, यावर बहुतेक गडबडी अवलंबून असतात. सोनीच्या पद्धतीत एकच संदेश ४५ मिलिसेकंदांच्या अंतराने किमान तीनदा यावा लागतो, त्यामुळे चटकन टिचकी मारून शिकवलं तर टीव्ही कधी ऐकतो, कधी नाही. तिथे सेकंदभर दाबून धरा. अनेक उपकरणांत दिसणाऱ्या एनईसी पद्धतीत उलटं आहे. पूर्ण संदेश एकदाच जातो, आणि बटण दाबून ठेवलं तर सुमारे ११० मिलिसेकंदांनी फक्त ‘तेच पुन्हा’ अशी छोटी खूण जात राहते. तुम्ही आधीच दाबून ठेवलेलं असताना लर्निंग रिमोटने ऐकायला सुरुवात केली तर त्याच्या हाती फक्त ती खूण लागते. तो ‘शिकलो’ म्हणून दिवा लुकलुकवतो आणि रिसीव्हर ढिम्म. तेव्हा आधी लर्निंग रिमोट तयार ठेवा, मगच मूळ बटण दाबा.

आणखी एक चमत्कारिक दोष आकड्यांच्या बटणांवर दिसतो. ११ दाबलं की १ लागतं, २२ दाबलं की २. सेल, अंतर, कशाचाही संबंध नाही. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत प्रत्येक नव्या दाबण्याला संदेशातला एक बिट उलटतो. त्यावरून उपकरणाला कळतं की हे दुसऱ्यांदा दाबलं आहे, नुसतं धरून ठेवलेलं नाही. लर्निंग रिमोट मात्र शिकलेली एकच प्रत वाजवतो, बिट कधी उलटत नाही. पुन्हा शिकवून उपयोग शून्य. उपाय दोन: त्या उपकरणापुरता कोड टाकता येणारा रिमोट वापरायचा, नाहीतर दोन सारख्या आकड्यांमध्ये सेकंद-दोन सेकंद थांबून पाहायचं.

शिकलेलं बटण जवळून चालतं पण सोफ्यावरून चालत नाही, असं झालं तर कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे रिमोटचा प्रकाश सेकंदाला किती वेळा लुकलुकतो ते पाहा. एनईसी ३८ किलोहर्ट्झवर, सोनी ४० वर, आरसी-५ तर ३६ वर. काही स्वस्त रिमोट काहीही शिकले तरी ३८ नेच पाठवतात. समोरचा सेन्सर आपल्या फ्रिक्वेन्सीपुरता तीक्ष्ण असतो, थोड्या फरकाने बहिरा होत नाही पण कानाला जड होतो. याला इलाज नाही, रिमोट बदलून घ्या. रिचार्जेबल सेल घातल्यावरही पल्ला घटू शकतो, कारण दोन सेलचे तीन व्होल्टऐवजी २.४ मिळतात.

रिमोट कुठल्याही उपकरणाच्या मोडमध्ये असला तरी आवाजाची तीन बटणं रिसीव्हरचीच हवीत. वन फॉर ऑलसारख्या रिमोटांत याची तयार सोय असते, ९९३ हा आदेश देऊन आवाज एका उपकरणाला बांधता येतो. माझ्याकडे ती नाही, म्हणून प्लस, मायनस आणि म्यूट चारही मोडमध्ये (स्टिक टीव्हीच्याच मोडमधून चालते) वेगळे शिकवले. बारा वेळा तेच काम, कंटाळवाणं, पण हे टाळलं तर प्लेअरच्या मोडमध्ये आवाज वाढवताना काहीच होत नाही आणि घरचे जुना रिमोट शोधू लागतात.

एका बटणात सगळं चालू

मॅक्रो म्हणजे एका बटणामागे अनेक आदेश. माझा पहिला मॅक्रो टीव्ही पॉवर, रिसीव्हर पॉवर, बॉक्स पॉवर, इनपुट सॅट (रिसीव्हरवरचं डीटीएच बॉक्सचं इनपुट) असा होता. टीव्ही लागायचा, रिसीव्हर लागून लगेच बंद व्हायचा. कारण सीईसी. टीव्ही जागा होताच त्याने तारेतून रिसीव्हरला उठवलं होतं, आणि पाठोपाठ आलेल्या पॉवरच्या आदेशाने त्याला पुन्हा झोपवलं. रिमोटवरचं पॉवर बटण म्हणजे ‘चालू कर’ नव्हे, ‘आहे त्याच्या उलट कर’.

रिसीव्हरची पायरी काढून टाकली. बॉक्सचंही पॉवर काढलं, कारण त्याला सीईसी नाही आणि तो चालू आहे की बंद हे रिमोटला कळत नाही. त्याला वेगळं बटण दिलं. उरले टीव्ही पॉवर आणि इनपुट. रिसीव्हर उठताना काही सेकंद कोणाचंच ऐकत नाही, म्हणून मध्ये वेळ घालवायला ज्याचा काही परिणाम होत नाही असं बटण तीनदा घातलं. मॅक्रो संपेपर्यंत रिमोट उपकरणांकडे रोखून धरावा लागतो. बटण दाबून लगेच उशीवर टाकला की शेवटचा आदेश उशीला जातो.

खरा उपाय म्हणजे ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे वेगळे आदेश. मूळ रिमोटवर ती बटणं नसतात, पण उपकरण अनेकदा ते ओळखतं. सोनीच्या टीव्हीत पॉवरचा आदेश क्रमांक २१ आहे, चालूचा ४६ आणि बंदचा ४७, उपकरण क्रमांक १ वर. शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये इन्फ्रारेड एलईडी असतो. कोड पाठवणारं अ‍ॅप घेऊन फोन लर्निंग रिमोटसमोर धरला की बाजारात कुठल्याच रिमोटवर नसलेलं बटण शिकवता येतं. इतर कंपन्यांचे असे कोड प्रोंटो हेक्स या स्वरूपात हौशी मंडळींनी जमवून ठेवलेले सापडतात.

टीव्हीच ऐकत नसेल तर पुढे ठेवलेला साउंडबार सेन्सर झाकत नाही ना ते पाहा. काळी काच इन्फ्रारेडला बहुधा अडवत नाही, लाकडी दार अडवतं. रिसीव्हर बंद कपाटात असेल तर इन्फ्रारेड रिपीटर लागतो: बाहेर एक सेन्सर, आत उपकरणाच्या सेन्सरवर चिकटवायचे छोटे एलईडी.

एसी याच रिमोटवर घ्यायचा मोह होतो. एसीचा रिमोट प्रत्येक दाबण्याला तापमान, मोड, पंख्याचा वेग असं सगळं एकदम पाठवतो, त्यामुळे ‘तापमान एकने वाढव’ असं शिकवताच येत नाही. ‘२४ अंश, कूल, मंद पंखा’ हा एकच ठसा एका बटणावर बसतो, तोही संदेश लांब असल्याने प्रत्येक स्वस्त रिमोटच्या स्मृतीत मावत नाही. मी २४ आणि बंद अशी दोनच बटणं ठेवली.

मूळ रिमोट सेल काढून, पिशवीवर नाव लिहून खणात ठेवले आहेत. सेल आत राहिले की गळतात. सेटअप मेनूची बटणं नव्या रिमोटवर नाहीत, ती अधूनमधून लागतात. आणि दुसऱ्या खोलीसाठी तसाच रिमोट घेतलात तर तो पहिल्या लर्निंग रिमोटवरून शिकवू नका. प्रतीवरून प्रत काढताना वेळांमधल्या चुका वाढत जातात. पिशव्या उघडा आणि मुळावरून शिकवा.